न्यायमूर्ती उठले की

आमच्या ह्यांना बसून बोलता येत नसे. आयुष्यभर सभा गाजवलेल्या माणसाची खोड. फोन वाजला की उभे, शेजाऱ्याशी भांडण निघालं की उभे. एकदा जेवताना भाजीत मीठ जास्त पडल्याचं सांगायला खुर्ची मागे सरकवून उभे राहिले आणि माझ्या डोक्यावरून पलीकडच्या भिंतीकडे बघत बोलायला लागले. मी म्हटलं, "अहो, मी इथे आहे, खाली." हसले, पण बसले नाहीत.

माणूस वाईट नव्हता. भित्रा होता, आणि भित्र्याला गोड बोलता आलं की तो राजकारणात बराच वर जातो. जो येईल त्याला "झालंच समजा" म्हणायचे. नळाचं काम असो, नोकरी असो, "झालंच समजा." लोकांनी ह्यांचं नावच झालंच-समजा पाडलं होतं. काम होवो न होवो, दर निवडणुकीला निवडून यायचे.

मग सैन्य रस्त्यावर आलं. बाजारपेठ पेटली, ती विझवायला कुणी गेलं नाही, कारण गेलेल्यांना चौकातच गोळ्या घातल्या. आमच्या गल्लीच्या तोंडाशी चष्मेवाला दुकानाच्या शटरखाली अर्धा आत, अर्धा बाहेर पडून होता आणि त्याच्याभोवती फुटलेल्या भिंगांचा खच. जुन्या न्यायाधीशांना कोर्टाच्या पायऱ्यांवरून केसांना धरून ओढत आणलं. सगळ्यांत म्हातारे होते त्यांचं डोकं पायरीच्या कडेवर आपटलं, पुन्हा पुन्हा, अंगातला झगा तसाच. ते रक्त दगडाच्या सांध्यांत बसलं ते कधी निघालंच नाही.

हे त्या दिवशी सकाळी आमच्या अडगळीच्या खोलीत जुन्या गाद्यांमागे लपले होते. दुपारी रेडिओवर नव्या राजवटीचं स्वागत करत होते. उभे राहूनच केलं असणार, आवाजावरून कळलं मला.

त्याच आठवड्यात मेजर घरी आला. तरुण होता, बूट चकचकीत, बोलणं अदबीचं. भिंतीवरच्या चौकटीकडे बघून म्हणाला, "वकिलीची पदवी आहे तुमच्याकडे?" होती खरी, पण ह्यांनी वकिली केली ती लग्नाआधी, आणि तीही कुणाच्या तरी हाताखाली. "मग तुम्ही विशेष न्यायालयाचे न्यायमूर्ती," मेजर म्हणाला. "आम्हाला लोकांसमोर न्याय करायचाय. दारं उघडी, बाकं भरलेली. आम्ही काही खाटीक नाही." हे म्हणाले, "झालंच समजा."

मी खोटं कशाला बोलू, गाडी दारात आली तेव्हा मलाही बरं वाटलं. झग्याला इस्त्री मीच केली.

पहिल्याच खटल्याला मी प्रेक्षकांत बसले होते. आरोपी पाववाला. त्याच्या भट्टीमागे बंदूक सापडली होती. लष्करी वकिलानं उभं राहून गोळ्या घालण्याची शिक्षा मागितली आणि बसला. आता ह्यांनी "मंजूर" म्हणायचं, किंवा "फेरतपास" म्हणायचं. फेरतपास म्हटलं की माणूस परत तुरुंगात, निदान जिवंत. तो अधिकार मेजरनं स्वतः दिला होता, देखाव्यापुरता का होईना. पण ह्यांच्या तोंडाला कुलूप. ओठ हलत होते, शब्द फुटेना. शेवटी काय केलं, तर नुसते उठले, झगा सावरला आणि आतल्या खोलीत निघून गेले. मेजरनं मान हलवली. पहारेकऱ्यांनी पाववाल्याला बाजूच्या दारानं मागच्या अंगणात नेलं. तिथे पूर्वी कारकुनांचा सायकल स्टँड होता. हे आत पाण्याचा ग्लास तोंडाला लावताहेत तोवर गोळ्यांचा आवाज आला.

मेजर खूश. "छान पद्धत आहे. वेळ वाचतो," म्हणाला.

तीच मग कोर्टाची रीत झाली. लष्करी वकील शिक्षा मागायचा, हे उठायचे. हे उठले की दाराशी उभा असलेला पुकारेवाला ओरडायचा, "न्यायमूर्ती उठले!" आणि ती हाक ऐकली की पहारेकरी आरोपीच्या दंडाला धरायचे. मग कुणी काही विचारायचं नाही, कुणी थांबायचं नाही. पोस्टमन गेला, नर्स गेली, शाळेतले गणिताचे मास्तर गेले. अंगणातल्या भिंतीचा गिलावा पडून विटा दिसायला लागल्या. जमिनीवर टाकायला सुतारांकडून भुसा मागवायचे, तो संध्याकाळपर्यंत काळा पडायचा.

घरी आले की म्हणायचे, "मी कुणाला मारा असं म्हटलेलं नाही. एकदाही नाही. मी फक्त उठतो."

"मग बसून राहा ना," मी म्हणायचे. त्यावर ते उभे राहून बराच वेळ बोलायचे.

माझा सख्खा मोठा भाऊ बस डेपोत फोरमन होता. दादा. मला सायकल शिकवली त्यानं, माझ्या लग्नात रडला तोच. सैन्यानं पकडलेली माणसं वाहून न्यायला डेपोच्या बस मागितल्या. दादानं, त्याच्या फिटरनं आणि वायरमननं मिळून साऱ्या गाड्यांचे स्टार्टर काढून विहिरीत टाकले. सकाळी एकही बस सुरू होईना. सैनिकांनी दादाचा हात वर्कशॉपमधल्या व्हाइसच्या लोखंडी पकडीत धरला आणि आवळायचा दांडा फिरवत गेले. तरी स्टार्टर कुठे आहेत ते त्यानं सांगितलं नाही. हे सगळं वहिनीनं मला माझ्या स्वयंपाकघरात सांगितलं. तिचा स्वतःचा एक डोळा सुजून मिटला होता.

खटला ह्यांच्यापुढेच यायचा होता.

मी ह्यांना खुर्चीत बसवलं आणि समोर उभी राहिले. "आजवर तुम्ही काय केलंत ते मी पोटात घातलं. आता माझा दादा आहे. एक शब्द बोलायचाय, फेरतपास. तोंड उघडायचं आणि बोलायचं."

ह्यांचे डोळे भरून आले. उठलेच लगेच. "अगं, एक शब्द काय, असा बोलेन की मेजरच्या बापानं ऐकलं नसेल. माझा मेहुणा आहे तो. झालंच समजा." सकाळी आरशासमोर तयारी चालली होती, हातवारे करून. मला तेव्हा धीर आला. कित्येक महिन्यांनी त्यांचा तो जुना आवाज घरात घुमत होता.

कोर्ट खच्चून भरलेलं. डेपोतली माणसं, त्यांच्या बायका, आया. वहिनी माझ्या शेजारी, तिची नखं माझ्या मनगटात रुतलेली. तिघा आरोपींना आणलं. दादाचा हात फडक्यात गुंडाळलेला, फडकं सुकून कडक झालेलं. त्यानं आम्हाला बघितलं आणि भुवया उडवल्या, लहानपणी चिडवायचा तसं. लष्करी वकिलानं पहिलं दादाचं प्रकरण घेतलं, शिक्षा मागितली आणि बसला.

हे माझ्याकडे बघून किंचित हसले. घसा साफ केला. आणि बोलायला म्हणून उभे राहिले.

"बंधू आणि भगिनींनो," म्हणाले.

उभे राहून. पुकारेवाला गोंधळला, मेजरकडे बघितलं त्यानं. मेजरनं बोटानं खूण केली. "न्यायमूर्ती उठले!" पहारेकऱ्यांनी दादाच्या दंडाला धरलं.

"बसा!" मी ओरडले. "अहो, बसा खाली!"

ह्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. सभेत कुणी ओरडलं की करायचे तसा उजवा हात वर केला, शांत राहा म्हणून, आणि बोलत राहिले. नजर आमच्या डोक्यांवरून मागच्या भिंतीवर. आवाज काय लागला होता त्या दिवशी! कायदा म्हणजे काय, आईच्या पोटी जन्मलेल्या माणसाचा जीव म्हणजे काय, गाडी बंद ठेवणारा हात माणसं वाचवणारा कसा असतो. बाजूचं दार उघडलं, दादा पायांनी फरशी घट्ट धरायला बघत होता, त्याच्या दुखऱ्या हातावर बंदुकीचा दस्ता बसला, दार बंद झालं. मी बाकावर चढून किंचाळत होते. वहिनी बाकं ओलांडायला गेली, तिला सैनिकानं पोटात लाथ घातली. आणि हे बोलतच होते. "म्हणून हे न्यायालय या प्रकरणाचा," ह्यांनी नेहमीसारखा दम घेतला, टाळ्यांसाठी घ्यायचे तसा, "फेरतपास..."

मागे अंगणात गोळ्या सुटल्या.

हात तसाच वर राहिला. मग ह्यांनी पहिल्यांदा खाली बघितलं, दादा उभा होता त्या रिकाम्या जागेकडे. मग बंद दाराकडे. कळायला किती वेळ लागला त्या माणसाला! कळलं तेव्हा हात खाली आला आणि ते खुर्चीत बसले. खुर्चीच्या दोन्ही हातांना धरून बसले.

मी त्या क्षणी त्यांचा जीव घेतला असता. खरंच घेतला असता.

"पुढचा," मेजर म्हणाला.

फिटरला पुढे ढकललं. पोरगेलासा चेहरा, पँट ओली झालेली. लष्करी वकिलानं शिक्षा मागितली. सगळं कोर्ट ह्यांच्याकडे बघत राहिलं. पुकारेवाल्यानं छाती भरून घेतली.

हे बसल्या बसल्या म्हणाले, "फेरतपास." घोगरा, बारीक आवाज. बसून बोललेला तो आवाज मी आधी कधी ऐकलाच नव्हता.

मेजर हसला. "न्यायमूर्ती थकले आहेत. उठा, न्यायमूर्ती."

"फेरतपास."

पहारेकरी जागचे हलेनात. हाक नाही तर धरायचं कसं, त्यांना तेवढंच शिकवलेलं. मेजर पायऱ्या चढून वर गेला, ह्यांची कॉलर धरून ओढली. हे खुर्चीला चिकटले. मेजरनं पिस्तुलाचा दस्ता तोंडावर मारला, दात टेबलावर पडले. पुन्हा मारला. दोन सैनिक बोटं सोडवायला लागले, सुटेनात, तेव्हा एकानं बोटांवर दस्ता घातला, तरी हे मनगटं खुर्चीच्या हातांखाली अडकवून बसले. लोकांत कुणीतरी हुंदका दिला. बाकं करकरायला लागली. डेपोतली माणसं एकेक करून उठत होती.

मेजरनं पिस्तूल ह्यांच्या कानाला लावलं. "आता उठा. शेवटचं सांगतोय."

ह्यांनी मला शोधलं. एक डोळा रक्तानं मिटला होता, दुसऱ्यानं शोधलं. त्या डोळ्यातली भीती मला ओळखीची होती, अडगळीच्या खोलीत गाद्यांमागून बघत होते तीच. मी मान हलवली असती तर उठले असते. त्यांना तेच हवं होतं, कुणीतरी उठा म्हणायला. माझ्यापुढे फिटर उभा होता आणि त्याची आई माझ्याच बाकावर होती.

"अहो," मी म्हटलं, "उठू नका."

नाही उठले. इतक्या वर्षांच्या संसारात माझं ऐकलं ते तेव्हाच.

गोळी सुटली आणि तिच्याबरोबर अख्खं कोर्ट. बाकं उलटली, डेपोवाल्यांनी लष्करी वकिलाला टेबलाखालून ओढून काढलं, कुणी पुकारेवाल्याच्या डोक्यात दिव्याचा स्टँड घातला. सैनिकांनी गर्दीत गोळ्या झाडल्या, माझ्यापुढची बाई मानेला हात लावून खाली बसली. पण गर्दी दारांतून फुटली आणि तिच्याबरोबर फिटर आणि वायरमन वाहून बाहेर गेले. मेजर पायऱ्यांपर्यंतच पोचला. म्हाताऱ्या न्यायाधीशांना मारलं त्याच पायरीवर लोकांनी त्याला मारलं, आणि मी ते डोळे उघडे ठेवून बघितलं.

वहिनी माझ्याशी बोलत नाही. तिचं बरोबर आहे, मीही माझ्याशी फारसं बोलत नाही. ह्यांचा राग अजून गेलेला नाही, रडू येतं तेही रागातच येतं.

फिटर अधूनमधून येतो. काही आणतो, काही दुरुस्त करून देतो. डोळे खाली घालून दारातच उभा राहतो, काहीतरी बोलायचं असतं त्याला. मला माणूस असा उभा राहिलेला बघवत नाही.

"आधी बस," मी म्हणते. "बसून बोल."