रेती नव्हे, वाळू

उत्तमराव चाळीसएक वर्षांपूर्वी बी.एड. करायला दहा महिने पुण्यात राहिले आणि परत आले ते अमरावतीत कोणाचंच मराठी न पटण्याचा आजार घेऊन. भाजीवाल्याने टरबूज म्हटलं की हे कलिंगड म्हणायला लावत. बिचारा दोनदा कलिंगड म्हणे आणि तिसऱ्या वेळी भाव वाढवी. शाळेत त्यांनी तीस वर्षं मराठी शिकवलं. म्हणजे पोरांच्या तोंडचं मराठी काढून घेतलं आणि त्या जागी भीती ठेवली. निवृत्तीनंतर शिकवायला कोणी उरलं नाही तेव्हा त्यांनी शब्दांवर व्याख्यानं सुरू केली. मराठी अभिजात झाल्याची बातमी आली त्या दिवशी त्यांनी गल्लीत पेढे वाटले, ते अशा थाटात की अर्जावर सही यांचीच होती.

या वर्षीच्या मराठी दिनासाठी त्यांनी 'वाळू' हा शब्द घेतला होता. संस्कृतातली वालुका, तिच्यापासून वाळू, वाळूवरून वाळवंट. टिपणांच्या चार वह्या भरल्या होत्या. वाळू कशी असते ते मात्र त्यांनी हातात घेऊन पाहिलं नव्हतं. घर बांधलं तेव्हासुद्धा ट्रक रिकामा होताना ते आत बसून ठेकेदाराची पावती शुद्ध करत होते.

त्यांची धाकटी बहीण शकुन पूर्णाकाठच्या गावात दिलेली. तिच्या घरी शेत नाही. दिवाळीनंतर नदीचं पाणी उतरलं की पात्रातल्या रेतीत ती आणि तिची सून रागिणी खरबुजाचे वेल लावतात. तिकडे खरबुजाला डांगर म्हणतात आणि नदीतल्या त्या मळ्याला डांगरवाडी. सासऱ्याच्या आधीपासूनची वाडी. उन्हाळाभर डांगरं विकायची आणि त्याच पैशांवर वर्षभर खायचं.

या दिवाळीनंतर गावात नोटीस लागली. नदीचा तो पट्टा रेतीसाठी लिलावात जाणार होता. कोणाची हरकत असेल तर लेखी द्यावी. शकुन अर्ज घेऊन भावाकडे आली. अर्ज रागिणीने लिहिला होता, वहीच्या पानावर, निळ्या पेनाने.

"भाऊ, याच्यावर एक नजर टाक," शकुन म्हणाली. "तू मराठीचा मास्तर. तुह्या हातचं असलं म्हंजे सायेब मानन."

उत्तमरावांनी चष्मा लावला आणि वाचू लागले. 'आमची डांगरवाडी पुर्णेच्या रेतीत आहे. रेती नेली तर वाडी राहात नाही. आम्हाले दुसरं वावर नाही. म्हणून आमची हारकत आहे.' वाचता वाचता त्यांच्या कपाळावर अशा आठ्या चढल्या की जणू ताटात केस सापडला. लाल पेन काढून त्यांनी गोल करायला सुरुवात केली. चार ओळींत अकरा गोल झाले.

"रेती," ते म्हणाले. "रेती हा काही आपला शब्द नव्हे. ठेकेदारांनी हिंदीतून आणलेला. मराठी शब्द वाळू."

"आमी त रेतीच म्हनतो ना भाऊ."

"तुम्ही काहीही म्हणाल. डांगर म्हणजे उडदाच्या पिठाचं कालवण. वाडी म्हणजे लहानशी वस्ती. डांगरवाडी म्हणजे काय, पिठाच्या कालवणाचं गाव?"

शकुनला हसू आलं, पण भाऊ विनोद करत नव्हता. तिने समजावून पाहिलं. "नदीच्या रेतीत हात घातला की खाली ओल लागते. तिथं खत घालतो, बी टोवतो. रेती उचलली की ओल गेली. मी सांगतो ते एवढंच लिही."

"सांगते म्हणावं. बाईमाणसाने सांगतो म्हणू नये."

"बरं, सांगते," शकुन म्हणाली. नदी वाचत असेल तर तिला सांगते म्हणायला काय जात होतं?

उत्तमरावांनी तीन दिवस घेऊन नवा अर्ज लिहिला. गोळीबंद, वळणदार. 'सदरहू वाळवंट हेच आमच्या कुटुंबाचे पिढ्यान्‌पिढ्यांचे सर्वस्व असून तेथील वाळूवरच आमचा उदरनिर्वाह अवलंबून आहे. आमच्या फलद्रूप होणाऱ्या उपक्रमास बाधा पोहोचू नये, ही नम्र विनंती.' डांगर गेलं, वाडी गेली, ओल गेली, खत-बी तर कधी आलंच नव्हतं. शकुनने अंगठ्याने ओळी चाचपल्या, जडजड शब्द पाहिले, भावाचा अभिमान वाटून सही केली आणि अर्ज कचेरीत दिला. रागिणीचं पान उत्तमरावांनी ठेवून घेतलं. उपयोगी पडेल म्हणाले.

ते पडलं. मराठी दिनाला वाचनालयाच्या सभागृहात साठेक माणसं जमली होती. उत्तमरावांनी वालुकेपासून सुरुवात केली. वाळवंट या शब्दावर पंधरा मिनिटं दिली. त्याचा मूळ अर्थ नदीकाठचा वालुकामय प्रदेश. मरुभूमीसाठी तो शब्द नंतर वापरात आला, आणि आजच्या अडाण्यांना तेवढाच माहीत आहे, असं ते म्हणाले. मग त्यांनी प्लास्टिकच्या पाकिटातून एक पान काढलं.

"आता भाषेची दुर्दशा पाहा," ते म्हणाले. "नाव सांगत नाही. ग्रामीण भागातला एक अर्ज."

त्यांनी तो वाचला, वऱ्हाडी हेल काढून. 'आम्हाले दुसरं वावर नाही' याच्यावर पहिल्या रांगेतले निवृत्त लोक पोट धरून हसले. यातल्या अर्ध्यांच्या आया घरात हेच बोलत होत्या, पण आता त्यांना ते आठवायचं नव्हतं. उत्तमरावांनी हशा ओसरू दिला आणि 'हारकत' पुन्हा वाचलं.

शकुन शेवटच्या रांगेत बसलेली होती. दुपारच्या गाडीने बडनेऱ्याला उतरून ती भावाच्या घरी गेली होती, तिथून कळलं म्हणून इथे आली होती. तिच्या पिशवीत कचेरीचा कागद होता. त्यातलं मराठी गावात कोणाला उलगडलं नव्हतं.

टाळ्या झाल्या, हार झाला, माणसं चहाकडे गेली. उत्तमरावांना बहीण दिसली आणि ते जरा गोरेमोरे झाले. पण जराच.

"ऐकलंस का व्याख्यान?"

"ऐकलं. हा कागद वाच आधी."

ते उभ्याउभ्या वाचू लागले. 'अर्जदाराने सदर क्षेत्र वाळवंट असल्याचे स्वतःच नमूद केले आहे. तसेच कुटुंबाचा उदरनिर्वाह वाळूवर अवलंबून असल्याचे म्हटले असून अर्जदार वाळूच्या व्यवसायात असल्याचे दिसते. कोणत्याही पिकाचा वा लागवडीचा उल्लेख आढळत नाही. सबब हरकत फेटाळण्यात येत आहे. तीस दिवसांत दाद मागता येईल.'

"मूर्ख आहेत," उत्तमराव म्हणाले. त्यांचा आवाज मात्र चिरकला. "वाळवंट म्हणजे नदीकाठची वाळू. मी पंधरा मिनिटं हेच सांगत होतो. शब्द अगदी अचूक आहे."

"वेलाले फुलं लागले भाऊ. पंधरा दिवसांत मशीन उतरून राहिली नदीत."

"मी दुसरा अर्ज लिहून देतो. अधिक स्पष्ट. व्युत्पत्तीसकट."

"नोको," शकुन म्हणाली. ती चिडलेली नव्हती, आणि त्याचंच त्यांना भय वाटलं. "तो रागिनीचा कागद दे मले."

"तो काहून?" उत्तमरावांच्या तोंडून निघून गेलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा घरचं वऱ्हाडी.

शकुनने पाकिटातून पान स्वतःच काढून घेतलं. लाल गोलांवरून बोट फिरवलं आणि चार घड्या करून ते कमरेच्या पिशवीत टाकलं.

"हेच देतो कचेरीत," ती म्हणाली. "तू वालुका वालुका करत होता तवा मांगचे लोकं जांभया देत होते. हे वाचलं आन् सगळे हासले. म्हंजे समजलं ना सगळ्याइले."