पुन्हा पहिलीत बस

मित्रांनो, मी एक जुना गेमचा खोका आहे. पूर्वी मालवणच्या बाजारातल्या एका दुकानात माझ्यावर मोटारसायकलींची शर्यत चालायची. दुकान बंद झाले आणि मी ताडपत्रीखाली पडून राहिलो. तिथून तेजस्वीबाईंनी मला आपल्या शाळेत आणले. त्या गणित शिकवतात. पाढे म्हटले की मुलांचे चेहरे पडतात, याचे त्यांना फार वाईट वाटे.

सुट्टीभर खपून त्यांनी माझ्यासाठी नवा खेळ तयार केला. पडद्यावर वर गणित येते आणि खाली आकडे लिहिलेले मासे पळतात. दांडा फिरवून बरोबर उत्तराच्या माशावर जाळे टाकायचे. सुरुवातीला मुले एखादा डाव खेळून निघून गेली. "बाई, ही तर परीक्षाच," एक मुलगी म्हणाली. मग बाईंनी माशांचा वेग वाढवला, ढोलाचा आवाज घातला आणि चुकल्यावर वाजण्यासाठी स्वतःच्या आवाजात एक वाक्य भरले, "अरेरे, पुन्हा पहिलीत बस!"

त्या वाक्यानेच मी गाजलो. मुले मुद्दाम चुकत, हसत आणि पुन्हा खेळत. खेळता खेळता त्यांचे पाढे पाठ झाले. सातवीतली जानकी तर सगळ्यांच्या पुढे. माझ्याइतका कामाचा खोका साऱ्या जिल्ह्यात नसेल, असे मला वाटू लागले.

पालकसभेच्या दिवशी जानकीने वडिलांना हाताला धरून माझ्यापुढे आणले. गंगाराम मासेमारीच्या होडीवर काम करतात.

"बाबा, येकदा खेळा."

"माका नाय जमाचा गो."

"सोपा आसा. मासेच तर पकडूचे आसत."

भोवती माणसे जमली. गंगारामांनी दांडा धरला. सात आठे किती, ते ओठांतल्या ओठांत मोजू लागले. तोवर मासे निघून गेले. "अरेरे, पुन्हा पहिलीत बस!" मी ओरडलो. सगळे हसले. जानकीही हसली. पुन्हा गणित आले, पुन्हा मासे निसटले, पुन्हा मी ओरडलो. गंगारामही हसले. त्यांनी दांडा हलकेच सोडला आणि सभेला न थांबता ते बाहेर गेले.

दुसऱ्या दिवशी जानकी माझ्याकडे फिरकली नाही. बाईंनी कारण विचारले, तेव्हा ती खाली बघत म्हणाली, "बाई, बाबांची शाळा पयलीतच सुटली. माका म्हायत होता. तरी मी हसलंय."

संध्याकाळी गंगाराम मुलीला न्यायला आले, तेव्हा बाई घाईघाईने फाटकाशी गेल्या. खिडकीतून मला सगळे ऐकू आले.

"गंगारामदादा, माझं चुकलं."

"तुमचा काय चुकला, बाई? तो खोको. तेका काय कळता?"

मित्रांनो, मला कळले होते. शरमेने माझा पडदा काळा पडावा, असे वाटत होते. पण ते मी सांगणार कसे?

बाईंनी ते वाक्य काढून टाकले. माशांचा वेग आता खेळणाऱ्याने ठरवायचा. चुकले की मी म्हणतो, "चला, परत बघूया." हा आवाज जानकीचा आहे. मुले अजून खेळतात, पूर्वीइतकी गर्दी मात्र होत नाही. त्याचे मला दुःख नाही.

तुमच्यासमोर कोणी अडखळले, तर त्याला थोडा वेळ द्या. आपले हसू पटकन विरून जाते, पण ज्याला हसलो तो ते सोबत घेऊन जातो. गंगाराम अजूनही जानकीला न्यायला येतात आणि फाटकाबाहेरच उभे राहतात. माझा नवा आवाज त्यांनी ऐकलेला नाही.