गाढवासाठी रांग

भुंग्यानं टोपी भुवयांपर्यंत ओढली आणि तो रांगेच्या शेपटाला जाऊन चिकटला. रांग खेळण्यांच्या दुकानापासून थेट कोपऱ्यापर्यंत आली होती.

काचेमागे गाढवं मांडली होती. वीतभर उंचीची, प्लास्टिकची, हातात सुटकेस घेतलेली. हेच गाढव वीस वर्षं तो आणि त्याचा दोस्त लंबू गावातल्या भिंतींवर रंगवत आले होते. म्हणजे लंबू रंगवायचा आणि भुंगा शिडी धरून सुधारणा सुचवायचा. आता लंबूच्या सहीची मोजकी खेळणी निघाली होती, पेपरात फोटो आला होता, आणि भुंगा अजून लोकांच्या शटरवर ‘येथे गाडी लावू नये’ रंगवत होता. एक गाढव विकत घ्यायचं, घरी न्यायचं आणि निवांत बसून नावं ठेवायची, असं ठरवून तो आला होता.

“तुम्ही खेळणी जमवता?” त्यानं पुढच्या म्हाताऱ्याला विचारलं.

“छे हो! मी लंबूचा सासरा. ही पुढची त्याची मावशी, ते सगळे त्याच्या खालच्या मजल्यावरचे. टेबलापर्यंत जायचं, गाढवाला हसायचं, वळसा घालून पुन्हा मागे उभं राहायचं. माझी ही तिसरी फेरी. गुडघ्यांची वाट लागली.”

“आणि खरी गिऱ्हाइकं?”

“रांग बघून येतील म्हणे.”

भुंग्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्यानं टोपी मागे सारली. आता रांग सोडून कोण जातं!

भुंगा टेबलाशी पोचल्यावर लंबूनं वर पाहिलं.

“तू? आपण होऊन आलास?”

“वहिनींनी बोलावलं, म्हणून आलो.” भुंग्यानं आवाजात मावेल तेवढा उपकार भरला.

लंबूचा चेहरा उतरला. शेजारी खोकी लावणारी वहिनी थांबली.

“मी कुठे बोलावलं, भावजी? मी बोलावणारच होते, पण हे नको म्हणाले. म्हणाले, आला तर आपण होऊन येऊ दे.”

भुंग्यानं एक गाढव उचलून लंबूसमोर ठेवलं. मग त्यानं खिशातून पाकीट काढलं.

लंबूनं गाढव उलटं केलं, पेनचं टोपण उघडलं.

“नाव काय लिहू?”

वीस वर्षांची दोस्ती होती. पण गिऱ्हाइकाला हे विचारायचं असतं, आणि सकाळपासून लंबूला ते कोणालाच विचारता आलं नव्हतं.

भुंग्यानं वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव सांगितलं.