उसने कान

"सुईचा दांडा घासतोय. सैल कर," बाबा पलंगावरून म्हणाले.

तिने तिसऱ्यांदा दांडा सैल करून चाक फिरवलं. खट्, खट्. टेलरबाईंचं शिलाई मशीन होतं तसंच कुरकुरत होतं. आठवडाभर प्रत्येक मशीनचं हेच चाललं होतं.

चार वर्षांपूर्वी बाबांची डावी बाजू गेली आणि मशीन दुरुस्तीचं दुकान या खोलीत आलं. ते आवाज ऐकून बिघाड सांगायचे, ती हात चालवायची. पलंग, मशीन, खिडकी आणि चौथी वस्तू ती. कपाटात कपड्यांखाली शिलाई मशीनच्या कारखान्याचं पत्र होतं: फिरत्या मेकॅनिकची नोकरी, महिन्याला आठ गावं. उत्तराची मुदत उद्या संपत होती.

"दांडा नाहीये, बाबा," ती मशीनमध्ये डोकं खुपसून पुटपुटली.

"मान वर करून बोल गं. भिंतीशी काय बोलतेस?"

डोळे मिटून तिने चाक हळूहळू फिरवलं. आवाज खालून येत होता. सुईखालचं शटल उघडलं, तर आत तुटलेल्या सुईचं टोक.

"हे बघा!" तिने ते चिमट्यात धरून दाखवलं. "तासभर नाचवलंत मला दांड्याभोवती."

बाबा त्या टोकाकडे बघत राहिले. मग अर्ध्या तोंडाने हसले. "मुद्दामच. आठवडाभर चुकीचंच सांगतोय. म्हटलं, बाईसाहेब स्वतःचे कान कधी उघडतात ते बघू."

"बाबा!"

"अगं, पेटी खांद्यावर टाकून अठरा गावं पालथी घातली मी. शिव्या खाल्ल्या. एकदा तर उघडलेलं मशीन जोडता येईना म्हणून चक्क पळालो. तेव्हा कुठे हे कान तयार झाले. तू चाललीयेस उसन्या कानांवर. कपाट आवरताना सापडलेलं पत्र दाखवलंय मला तुझ्या आत्याने. ती येऊन राहील माझ्याजवळ. तू नीघ." ते उशीला टेकले. "हं, चालवून दाखव."

ऐकताना मिटायचे तसे त्यांनी डोळे मिटले. तिने पायडल मारलं. मशीन झरझर धावलं. दोरा संपला तसा तिने पाय काढला. चाक थांबलं. खोलीत काहीच वाजत नव्हतं.

"वा!" बाबा डोळे मिटूनच म्हणाले. "कसं गोड चाललंय. चालू दे, थांबवू नकोस."

तिचा हात चाकावर तसाच राहिला. मग तिने घाईने पुन्हा पायडलवर पाय ठेवला.

बाबांनी डोळे उघडले तेव्हा मशीन चालू होतं.

"मग? जाणार ना?" ते तिच्या ओठांकडे बघत होते.

"हो," ती म्हणाली. आणि त्यांना दिसेल अशी मान हलवली.