पन्नास मिनिटांचं अंतर

कागदी पेल्यातलं पाणी थरथरत होतं. थरथर विमानाची की हाताची, हे नक्की कळत नव्हतं. तिनं ती विमानाच्या नावावर टाकली. टाकण्यात ती मूळचीच तरबेज – इतकी वर्षं माहेरी न जाणं अंतराच्याच नावावर टाकलं होतं. चौदा तासांचा रस्ता, मध्ये दोनदा गाडी बदलायची, दवाखाना बंद, आणि दाढ अर्धी कोरून ठेवलेल्या पेशंटला काय सांगायचं...? दातांच्या डॉक्टरला एक बरं असतं, समोरच्याचं तोंड आपणच उघडं धरलेलं असतं. तो उलट बोलत नाही.

मग तिकडच्या माळावर मेल्यांनी विमानतळ बांधला. चौदा तासांची पन्नास मिनिटं झाली. बसल्या जागी तिचं दिवाळं वाजलं.

"ताई, मला रोज ऑफिसात पोचायला याहून जास्त वेळ लागतो," परवा भाऊ फोनवर म्हणाला. आवाजात राग नव्हता. राग तिनं ऐकून घेतला असता. "आईला आता उठवावं लागतं, बसवावं लागतं. हिची कंबर गेलीय. चार-सहा महिने तू घेऊन जा. जमत नसेल तर येऊन तिला तोंडावर सांग. मी नाही सांगणार." आणि फोन ठेवता ठेवता, सुटे पैसे हातावर टेकवावेत तसं – "विमानाची भीती वाटत असेल तर गोळी घेऊन बस."

"भीती? कुणाला?"

"तुला. आईच सांगते सगळ्यांना, विमानतळ झाल्यापासून. लहानपणापासून घाबरते म्हणे, झोपाळ्यावरसुद्धा बसायची नाही."

झोपाळ्यावर! कड्या कुरकुरेपर्यंत झोके घ्यायची ती, आणि खाली उभी राहून किंचाळायची ती आई. म्हणजे म्हातारीनं स्वतःचीच भीती काढून लेकीच्या अंगावर घातली होती – उघडी पडू नये म्हणून. म्हणजे अंतर हा नुसता बहाणा होता, हे आईला ठाऊक होतं. आणि त्याआधीचं ते शेजारणींना सांगणं, "लांब पडतं हो तिला"... तेव्हाही?

वारा पाठीशी आहे, सात मिनिटं आधी पोचू, अशी घोषणा झाली.

"घ्या, फायदाच झाला!" शेजारचे जाडसर गृहस्थ खूश होऊन म्हणाले.

खिसा कापला गेल्यासारखं तिला वाटलं. नकार अजून पुरता जुळला नव्हता. तिसरा मजला, लिफ्ट नाही, दिवसभर घरात कुणी नाही... सगळं खरं होतं, हीच तर पंचाईत. परतीची तिकिटं तिनं काढलीच नव्हती. एक की दोन, ते ठरत नव्हतं.

विमान खाली झुकलं. खिडकीत तो जुना रस्ता दिसला, दोऱ्यासारखा. त्यावरची एक गाडी हलतच नव्हती. खुर्चीच्या हातावर तिची बोटं पांढरी पडली.

"भीती वाटते का हो?" गृहस्थांनी मायेनं विचारलं.

"हो," ती म्हणाली. "लहानपणापासून."

मापाच्या कवळीसारखं ते खोटं तोंडात चपखल बसलं. कुठं टोचलंदेखील नाही. आता घरात पाय ठेवल्याबरोबर आई उशीला टेकून, सगळ्यांच्या देखत, अगदी साळसूदपणे विचारील, "घाबरलीस का गं विमानात?" – आणि नजर तेवढी हिच्या तोंडावरून काढणार नाही... चाकं जमिनीला टेकली, आणि तिला पहिल्यांदाच खरीखुरी भीती वाटली.