मुद्दाम हरलो

त्या संध्याकाळी क्लबच्या हॉलमध्ये दादा धाकट्या बहिणीकडून हरला, आणि चांगलाच हरला. तिची सर्व्हिस टेबलावर आपटून कुठे वळणार, याचा त्याला शेवटपर्यंत पत्ता लागला नाही. त्याच्या फटक्यात जोर जास्त होता, पण तोच जोर ती त्याच्यावर उलटवत होती.

क्लबातला टेबल टेनिसचा विजेता तो. बॅट कशी धरायची हे तिला त्यानेच शिकवलेलं. बाकावरच्या मित्रांनी शिट्ट्या मारल्या. लंबू ओरडला, "काय रे, आता बायकांच्या गटात नाव घालायचं का तुझं?"

दादाने टॉवेलने मान पुसली. "अरे, मुद्दाम हरलो," तो हसत म्हणाला. "येऊ दे की जरा उमेद तिला."

सगळे हसले. वळल्यावर त्याला दिसलं, बहीण मागेच पाण्याची बाटली भरत उभी होती. तिने झाकण घट्ट लावलं, बॅग उचलली आणि एकटीच घरी गेली.

दोन दिवसांनी जेवताना बाबा म्हणाले, "खुल्या स्पर्धेतून नाव काढलंन हिने." त्या स्पर्धेत बायका आणि पुरुष एकमेकांविरुद्ध खेळत. बहीण कधीपासून त्या स्पर्धेच्या मागे लागली होती. "पुरुषांपुढे निभाव लागणार नाही म्हणते. वेळेवर समजलं, बरं झालं."

"तूच समजावलंस ना?" आईने दादाला विचारलं आणि त्याच्या ताटात आणखी एक पोळी वाढली.

दादाने पोळीचा तुकडा मोडून भाजीत बुडवला. समोर बहीण खाली मान घालून जेवत होती.

जेवण झाल्यावर ती कपड्यांना इस्त्री करत होती, तिथे तो गेला. "अगं, मी खोटं बोललो त्या दिवशी. खरंच हरलो होतो."

"पुरे, दादा. एकदा उमेद देऊन झाली ना?"

"तुझी शपथ."

"मग तेव्हा का नाही बोललास?"

"लाज वाटली. सगळे बसले होते."

"माझ्याकडून हरायची लाज?"

तिने शर्टाची बाही उलटली आणि पुन्हा इस्त्री फिरवू लागली.

दुसऱ्या दिवशी त्याने मित्रांसमोर खरं सांगितलं. लंबूने त्याच्या पाठीवर थाप मारली. "भाऊ असावा तर असा! बहिणीसाठी स्वतःची इज्जत घालवतोय." कुणाचाच विश्वास बसला नाही. मग तो क्लबात शिकवणाऱ्या सरांकडे गेला, तिचं नाव पुन्हा घाला म्हणून. सर म्हणाले, "कोण कुणाशी खेळणार ते ठरलं. आता काही करता येणार नाही. आणि ती स्वतः येऊन सांगून गेलीये."

शेवटी त्याने तिला सकाळी रिकाम्या हॉलमध्ये खेळायला नेलं. तो जीव तोडून खेळला. घामाने शर्ट पाठीला चिकटला. तरी पहिला गेम तिनेच घेतला. घेतला आणि चेंडू हातात धरून ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

"आत्ता पण सोडलास?"

"नाही गं."

"मला कसं कळणार?" तिने बॅट कव्हरमध्ये घातली. दुसरा गेम झालाच नाही.

पुढच्या वर्षी ती खुल्या स्पर्धेत उतरली. मधल्या काळात सरांनी तिला सरावासाठी दुसऱ्या क्लबातली मुलं दिली. तिनेच मागितली होती. दादाने विचारलं तेव्हा एवढंच म्हणाली, "ते माझे कुणी लागत नाहीत. हरले तर हरले."

पहिल्याच फेरीत तिने एका उंच, दांडगट गड्याला हरवलं. तो नेटजवळ आला, दम खात म्हणाला, "सर्व्हिस भारी आहे तुमची. कळलीच नाही मला."

ती मोकळेपणाने हसली. इतकं मोकळं हसू दादाने तिच्या तोंडावर वर्षभरात पाहिलं नव्हतं. वर प्रेक्षकांत बसून तो टाळ्या वाजवत होता. त्या गड्याचं वाक्य त्याच्याही ओठांवर आलं होतं, अगदी तसंच, गेल्या वर्षी. बोलायला कितीसा वेळ लागला असता?