माझ्या गाण्याला परवाना नव्हता

मित्रांनो, मी एक जुना पियानो आहे, आणि एका रविवारी भर मैफलीत मला कळले की मी बेकायदा आहे. तो धक्का माझ्या तारांतून अजून पुरता गेलेला नाही.

माझा जन्म लंडनच्या एका कारखान्यात झाला. अक्रोडाच्या लाकडाचे अंग, आत बिडाची भक्कम चौकट आणि लोकरीच्या नमद्याने मढवलेले हातोडे. आधी मी एका डॉक्टरांच्या दिवाणखान्यात होतो. पुढे त्यांनी घर मोडले आणि कोळशाच्या गाडीत बसून मी यॉर्कशरच्या डोंगरावर, स्कारवुड गावातल्या 'ब्लॅक रॅम' पबमध्ये आलो. इथे माझ्या डोक्यावर बियरचे ग्लास ठेवत. त्यांचे वाटोळे डाग पडले. सुरुवातीला मला फार लाज वाटे, मग मी मोजायचे सोडून दिले.

आमच्या गावाची स्वतःची नाताळगाणी आहेत. फार पूर्वी एका पाद्रीबुवांना ती धांगडधिंग्याची वाटली, म्हणून ती चर्चमधून निघाली ती थेट पबमध्ये येऊन बसली. नोव्हेंबरच्या मध्यावरचा रविवार ते नाताळचा दुसरा दिवस, एवढेच दिवस ती गायची. एरवी कोणी गुणगुणलेसुद्धा तरी लोक डोळे वटारत.

मला वाजवायची एनिड हिंचक्लिफ. तरुण होती तेव्हापासून म्हातारी होईपर्यंत तीच. समोरच्या घरातला विल्फ क्रूक्स माझ्यावर कोपर टेकून खर्जात गायचा. आणि पब चालवायची गेनर, कडेवर तान्ही मुलगी असलेली. बाळाची टोपली ती माझ्या डाव्या अंगाला ठेवी. माझे खालचे सूर घुमू लागले की बाळ मुठी सोडून झोपी जाई. मित्रांनो, मला मिळालेली सगळ्यात मोठी दाद तीच.

मग कायदा बदलला. पूर्वी दारूचा परवाना कोर्टातून मिळे आणि एकदोघांनी पबमध्ये वाजवले तर कोणी विचारत नसे. आता दारू आणि करमणूक दोन्हींसाठी काउन्सिलकडे, म्हणजे तिथल्या पालिकेकडे अर्ज करायचा होता. गेनरने बाळाला मांडीवर घेऊन तो माझ्या झाकणावरच भरायला घेतला.

"'आपल्या जागेत करमणूक होते का?'" तिने वाचले. "काय लिहू?"

"करमणूक?" विल्फ म्हणाला. "एनिड ठोकत बसते त्याला?"

"आणि तू रेकतोस त्याला?" एनिड म्हणाली.

"असं काही लिहू नकोस हं पोरी," विल्फ गेनरला म्हणाला. " काउन्सिलवाले ऐकायला येतील आणि पैसे परत मागतील."

सगळे हसले. गेनरने लिहिले, 'नाही.' आमच्या गावात शिवी दिलेली चालते, पण स्वतःचे कौतुक केलेले चालत नाही.

नोव्हेंबर आला. गाण्यांच्या दुसऱ्या रविवारी पब खचाखच भरला होता. गाणे रंगात आले असताना ओला कोट घातलेला एक गृहस्थ दारात येऊन उभा राहिला. गाणे संपेपर्यंत तो थांबला. शेवटची ओळ तर त्याने आमच्याबरोबर म्हटलीसुद्धा. मग घसा साफ करून म्हणाला, "फार सुंदर. मी काउन्सिलकडून आलोय. हे थांबवावं लागेल."

एनिडचे हात माझ्या पट्ट्यांवर तसेच राहिले.

"तुमच्या परवान्यात दारू आहे, गाणं नाही," तो म्हणाला.

"म्हणजे आम्ही पिऊन लोळलो तर चालेल आणि सूर लावला तर गुन्हा?" विल्फने विचारले.

त्याचे कान लाल झाले. "थोडक्यात, हो. करमणूक होत नाही असं तुम्हीच लिहून दिलंय."

माझा आवाज थांबला म्हणून बाळ जागे झाले आणि रडू लागले. गेनरने माझे झाकण अगदी हळू लावले.

त्या नाताळात स्कारवुड गायले नाही. एनिड येई, माझ्यासमोर बसे, झाकणावर हात ठेवून छोटा पेला शेरी पिई आणि घरी जाई. एकदा तिने सहज सांगितले, "ईस्टरला मी मुलीकडे राहायला जाणार. दूर कॉर्नवॉलला. जिना चढवत नाही आता." ऐकून गेनर आत गेली आणि नवा अर्ज घेऊनच बाहेर आली. ईस्टरच्या आत मला मोकळे करायचे, एवढेच तिच्या मनात होते.

पण पहिल्या 'नाही'ने ती इतकी घाबरली होती की या वेळी तिने प्रत्येक प्रश्नाला 'हो' लिहिले. नियमाप्रमाणे अर्जाची निळी सूचना खिडकीत लागली. सकाळी विल्फ ती रस्त्यावरून मोठ्याने वाचू लागला. "संगीत, नाच, नाटक, सिनेमा... मुष्टियुद्ध आणि कुस्ती? रोज? मध्यरात्रीपर्यंत?"

तो आत आला नाही. समोरासमोर विचारणे आमच्याकडे उद्धटपणाचे समजतात. त्याने सरळ काउन्सिलला हरकतीचे पत्र पाठवले.

"विल्फ?" काउन्सिलकडून आलेली पत्राची नक्कल गेनरने दोनदा वाचली. "आपला विल्फ?" मलाही खरे वाटेना. ज्याच्या कोपराने माझे पॉलिश झिजले, तोच माझ्या विरोधात?

निर्णयाआधी काउन्सिलचे तिघे सभासद जागा पाहायला आले; विल्फ आणि एनिडही हजर होते. त्या तिघांतल्या अध्यक्षबाईंनी विचारले, "मिस्टर क्रूक्स, तुमची हरकत नेमकी कशाला?"

"कुस्तीला, मॅडम. माझ्या खिडकीसमोर उघडेबंब पुरुष नकोत."

"अहो, कुस्ती कोण करणार इथे?" गेनर म्हणाली. "टेबल सरकवायला जागा नाही!"

"मग लिहिलंस कशाला?"

"मागच्या वेळी लिहिलं नाही म्हणून!"

"मला विचारायचं तरी!"

"तुम्ही विचारलंत मला?"

अध्यक्षबाईंनी कागद तोंडासमोर धरला. मग म्हणाल्या, "आणि पियानोला हरकत आहे?"

"पियानोला?" विल्फ थक्क होऊन पाहू लागला. "तो गप्प झाल्यापासून माझ्या डोळ्याला डोळा लागलेला नाही."

"म्हणजे इथे करमणूक होते?"

विल्फने टोपी काढली, चुरगाळली. तो एनिडकडे न पाहता म्हणाला, "होते. फार चांगली होते. तिच्यासारखं वाजवणारं या डोंगरात दुसरं कोणी नाही."

एनिडने तोंडावर हात धरला. इतक्या वर्षांत असे तिला कोणी म्हटले नव्हते.

परवाना मिळाला. त्यातून कुस्ती वगळली होती आणि गाताना खिडक्या बंद ठेवण्याची अट होती. तोवर ईस्टर उद्यावर आला होता आणि एनिडच्या बॅगा दारात उभ्या होत्या.

"एनिड, वाजवा," गेनर म्हणाली. "नाताळगाणी."

"एप्रिलात?" विल्फ म्हणाला. "असं कधी झालं नाही."

"नोव्हेंबरात मी इथे नसेन, विल्फ," एनिड म्हणाली.

विल्फ आला आणि माझ्यावर कोपर टेकून म्हणाला, "बरं. पहिलं कुठलं घेतेस?"

बाहेर पिवळे डॅफोडिल फुलले होते आणि आत अख्खे गाव बर्फाची, मेंढपाळांची गाणी गात होते. टपालवाली बाई रस्त्यात सायकल थांबवून आ वासून पाहत राहिली. मित्रांनो, बंद राहून ओलीने माझे काही सूर गेले होते. एनिडचे बोट तिथे पडे आणि आवाज निघत नसे. पण नेमका तोच सूर मागून सगळी खोली देई, इतक्या जोरात की बंद खिडक्यांची तावदाने थरथरत.

तुमच्या घरी कोणी वाजवत असेल, गात असेल, भाकऱ्यासुद्धा छान थापत असेल, तर ते माणूस समोर आहे तोवर त्याला तसे सांगा. थट्टा नंतर करा. आणि माझ्यासारखे एखादे वाद्य कोपऱ्यात झाकून ठेवलेले दिसले, तर त्यावरची धूळ पुसून थांबू नका. त्याचे झाकण उघडा.